भावाला क्षमा करायची, मग दाव्याचं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील दोन वर्षांपूर्वी वारले. भावाने "वारस नोंदीचं काम आहे" असं सांगून आईला आणि बहिणीला दुय्यम निबंधक कार्यालयात नेलं, फोटो काढले, सह्या-अंगठे घेतले. सहा महिन्यांनी सातबाऱ्यावर आणि घराच्या मिळकत पत्रिकेवर एकट्या भावाचं नाव लागलं, तेव्हा कळलं की तो कागद हक्कसोडपत्राचा होता. बहीण मंडळीतल्या (चर्चमधल्या) वडीलजनांकडे गेली. उत्तर मिळालं: क्षमा कर, कोर्टाची पायरी चढू नकोस, आणि मनात अढी असेल तर प्रभुभोजन (ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी) घेऊ नकोस. ती रोज प्रार्थनेत "मी क्षमा केली" म्हणते, तरी भाऊ देवळात दिसला की पोटात गोळा येतो. नाताळ तोंडावर आला आहे. तिचं विचारणं एवढंच: मी क्षमा केली, की नाही केली?

ताई, तुमच्या क्षमेत खोट आहे असं मला वाटत नाही. "क्षमा कर" या दोन शब्दांत तुमच्याकडून चार निरनिराळ्या गोष्टी मागितल्या जात आहेत, घोळ तिथे आहे. सूड सोडणं, पुन्हा पूर्वीसारखं नातं ठेवणं, त्याच्या शब्दावर पुन्हा विश्वास टाकणं, आणि जमिनीतला हिस्सा सोडून देणं. यातली पहिली गोष्ट ख्रिस्ती माणसाला टळत नाही. बाकीच्या तीन परिस्थितीवर अवलंबून आहेत, आणि त्यातल्या दोन तर तुमच्यापेक्षा भावावर जास्त अवलंबून आहेत. एक कागद तुम्ही न वाचता सही केलात. क्षमेच्या नावाने पुढे आलेल्या या दुसऱ्या कागदावर तशीच सही करू नका. आधी तो वाचू.

प्रभूच्या प्रार्थनेत आपण "ऋणे सोड" म्हणतो (बायबल, मत्तय ६:१२). तिथलं ग्रीक क्रियापद "आफिएमी", म्हणजे सोडणं, जाऊ देणं. कर्ज माफ करायलाही हाच शब्द. कर्ज सोडायचं तर ते किती आहे हे आधी ठाऊक हवं. मत्तय १८ मधल्या दाखल्यात येशू आकडे सांगतो ते उगीच नाही. राजाने सोडून दिलेलं पहिल्या चाकराचं देणं १०,००० तालंत. एक तालंत म्हणजे साधारण ६,००० दीनार, आणि एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी (मत्तय २० मधल्या द्राक्षमळ्यात तोच दर आहे). म्हणजे ६ कोटी दिवसांची मजुरी. त्याच चाकराला दुसऱ्या चाकराकडून यायचे होते १०० दीनार, आणि ते त्याने सोडले नाहीत. आजची रोजंदारी ५०० रुपये धरली तर एकाचं ३,००० कोटी आणि दुसऱ्याचं ५० हजार.

उपदेशात बहुतेक वेळा पहिल्या आकड्यावर जोर दिला जातो आणि दुसरा "क्षुल्लक" म्हणून उडवला जातो. पण हातावर पोट असलेल्या माणसाला ५० हजार क्षुल्लक नाहीत. सव्वातीन महिन्यांची कमाई आहे ती. तुमचं फार काही गेलंच नाही, असं येशू म्हणत नाही. गेलंय, मोजण्याइतकं गेलंय, आणि तरीही सोड, कारण तुझं याच्या सहा लाख पट सुटलं आहे, असं तो म्हणतो. "जाऊ दे, काय मोठंसं" ही क्षमा नव्हे, ती रक्कम न मोजता केलेली बेरीज आहे. अशी बेरीज नंतर हमखास चुकलेली निघते आणि लोक म्हणतात, "माझी क्षमा टिकत नाही."

म्हणून पहिलं काम वहीतलं. एक पान घ्या आणि भावाने नेमकं काय घेतलं ते ओळीने लिहा. जमीन आणि घर वेगवेगळं. मग जे सातबाऱ्यावर दिसत नाही ते: खोटं बोलून नेलं, आईला त्यात वापरलं, वडील जाऊन थोडे दिवस झालेले असताना केलं, भाचरांकडे जाणं बंद झालं. विशेषणं नकोत, "नालायक" लिहिलंत तर खोडा आणि त्या जागी त्याने केलेली कृती लिहा. एका बैठकीत पाऊण तासाच्या वर बसू नका. दोन-तीन बैठकी लागतात, आणि सर्वांत जड ओळ बहुधा दुसऱ्या दिवशी सुचते. बऱ्याच जणींच्या बाबतीत ती ओळ भावाबद्दल नसतेच, आईबद्दल असते: तिला ठाऊक होतं का? तसं असेल तर ते दुसरं ऋण आहे, त्याला दुसरं पान.

या पानासाठी एक माहिती लागेल, कारण इथे गैरसमज फार आहेत. ख्रिस्ती कुटुंबाला महाराष्ट्रात भारतीय वारसा कायदा, १९२५ लागू होतो (गोव्याचा कायदा वेगळा). वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नसेल तर पत्नीला एक तृतीयांश, आणि उरलेलं मुलामुलींना सारखं. आई, भाऊ आणि तुम्ही एवढेच वारस असाल तर प्रत्येकाचा एक तृतीयांश. मुलगी म्हणून तुमचा वाटा मुलापेक्षा कणभरही कमी नाही. मृत्युपत्र असेल तर चित्र बदलतं, म्हणून ते आहे का हे आधी विचारा. वडिलांनीच सगळं भावाच्या नावे लिहून ठेवलं असेल तर दुखणं खरंच राहील, पण ऋणकोचं नाव बदलेल.

आता पानावरच्या कोणत्या ओळी सोडायच्या? मार्क ११:२५ मध्ये येशू म्हणतो, प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा कोणाविरुद्ध काही असेल तर क्षमा करा. तिथे समोरच्याने पश्चात्ताप केला पाहिजे अशी अट नाही, तो समोर हवा अशीही नाही. लूक १७:३ मध्ये मात्र क्रम असा आहे: भावाने अपराध केला तर त्याचा दोष त्याला दाखव, पश्चात्ताप केला तर क्षमा कर. दोन वचनं एकमेकांवर आपटतात असं वाटतं, पण ती दोन वेगळ्या खोल्यांतली आहेत. एक देवासमोरची. तिथे तुम्ही सूड, शाप आणि त्याच्या वाटोळ्याची वाट पाहणं सोडता, एकतर्फी. दुसरी माणसामाणसांतली. तिथे समेट होतो, आणि समेटाला दोघे लागतात. रोमकरांस पत्राच्या १२:१८ मध्ये प्रेषित पौल "साधेल तर" आणि "तुम्हांकडून होईल तितके" अशा दोन मर्यादा एका वाक्यात घालतो, त्या याचसाठी.

योसेफाची गोष्ट या दृष्टीने पुन्हा वाचा, उत्पत्ती ३७ पासून ४५ पर्यंत, घाई न करता. भावांनी त्याला विकलं तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. मिसरच्या राजासमोर, फारोसमोर, उभा राहिला तेव्हा तीस. मग सुकाळाची सात वर्षं आणि दुष्काळाची दोन. म्हणजे भावांना ओळख दिली तेव्हा विक्रीला सुमारे बावीस वर्षं झाली होती. पण त्याचं मन त्याआधीच मऊ झालेलं दिसतं: भाऊ धान्य घ्यायला येतात त्या पहिल्याच भेटीत तो बाजूला जाऊन रडतो (४२:२४). रडतो, आणि परत येऊन त्यांच्यातल्या शिमोनाला बांधतो. धान्य देतो, पैसेही गुपचूप परत करतो, पण मी कोण हे सांगत नाही. बन्यामिनाच्या गोणीत प्याला ठेवून तो पाहतो की हे लोक दुसऱ्या धाकट्या भावालाही सोडून जातात का. त्यांच्यातला यहूदा म्हणतो, "त्याच्याऐवजी मला दास करून ठेवा" (४४:३३), तेव्हा तो ओळख देतो. क्षमा आधी, परीक्षा मग, जवळीक शेवटी. योसेफाने मनात राग ठेवून भावांना छळलं असंही कोणी म्हणेल. पण छळायला बसलेला माणूस उपाशी घरासाठी धान्याच्या गोण्या भरून देत नाही.

विश्वासाबद्दल पौलही भोळा नाही. २ तीमथ्य ४:१४-१५ मध्ये आलेक्सांद्र तांबटाने आपलं पुष्कळ वाईट केलं असं तो नाव घेऊन लिहितो, हिशेब प्रभूवर सोडतो, आणि पुढच्याच वाक्यात तीमथ्याला सांगतो: तूही त्याच्यापासून जपून राहा. सूड सोडला, सावधगिरी सोडली नाही. तेव्हा यापुढे भावाने आणलेला कुठलाही कागद वकिलाला दाखवल्याशिवाय सही करायचा नाही, आईनेही नाही, हा तुमचा नियम क्षमेच्या आड येत नाही.

प्रभुभोजनाबद्दल तुम्हाला जे सांगितलं गेलं ते मला उलट वाटतं. वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट कर, हे वचन (मत्तय ५:२३-२४) नीट वाचा: "तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे" असं तिथे म्हटलं आहे. म्हणजे ज्याने अपराध केला त्याने अर्पण थांबवायचं आहे. तुमच्या मंडळीत अर्पण थांबवायला हवं होतं ते भावाने. जिची फसवणूक झाली तिला प्रभुभोजनाच्या मेजापासून दूर ठेवणं, आणि ज्याने केली त्याच्याकडे अर्पणाचं तबक फिरवणं, हे शास्त्राला धरून नाही. तुम्ही सूड सोडायला तयार असाल, अजून जमत नसेल तरी तयार असाल, तर मेजाकडे जा. (कॅथलिक वाचकांसाठी: प्रायश्चित्त संस्कारात पापमुक्तीबरोबर नुकसान भरून देण्याची जबाबदारीही येते. "फादरांनी क्षमा दिली" एवढ्याने जमीन भावाची होत नाही.)

दाव्याकडे येऊ. १ करिंथकरांस ६ दाखवून "विश्वासणाऱ्याने विश्वासणाऱ्याला कोर्टात नेऊ नये" असं सांगतात. बरोबर आहे, पण वचन १ वर थांबू नये. पाचव्या वचनात पौल मंडळीला विचारतो: भावाभावांचा निवाडा करू शकेल असा एकही शहाणा तुमच्यात नाही का? म्हणजे कोर्टाला पर्याय म्हणून मंडळीने निवाडा करायचा आहे, गप्प बसायचं नाही. सातव्यात तो "अन्याय का सोसून घेत नाही?" असं जरूर विचारतो, पण आठव्यात लगेच अन्याय करणाऱ्याला फटकारतो. सातवं वचन बहिणीला ऐकवायचं आणि आठवं भावाला ऐकवायचंच नाही, ही आपल्याकडची जुनी खोड आहे.

म्हणून मत्तय १८:१५-१७ ची वाट धरा. आधी एकांतात भेट. एकटीने जायची भीती वाटत असेल तर ही पायरी पत्राने करा. चार-पाच ओळी पुरतात: काय झालं, कधी कळलं, तुमची मागणी काय, उत्तर कधीपर्यंत. "मी तुला क्षमा केली आहे" असं त्यात लिहू नका, व्हॉट्सॲपवर तर मुळीच पाठवू नका. ज्याला आपली चूकच मान्य नाही त्याच्या कानाला ते वाक्य आरोपासारखं लागतं आणि पुढची दोन वर्षं भांडण त्या वाक्यावरच चालतं.

पंधरा-वीस दिवसांत उत्तर आलं नाही तर दुसरी पायरी: पाळकांना लेखी विनंती करून बैठक मागा. तीन माणसं पुरेत. त्यांत किमान एक स्त्री असावी, आणि दोन्ही घरांचा नातलग कोणी नसावा. हक्कसोडपत्राची नोंदणी कार्यालयातून काढलेली प्रमाणित नक्कल, सातबारा, फेरफार उतारा, मिळकत पत्रिका आणि वडिलांचा मृत्यू दाखला बरोबर न्या. बैठक दीड तासाची, विषय एकच: सही करताना काय सांगितलं गेलं होतं? "झालं गेलं गंगेला मिळालं" इथून बैठक सुरू झाली तर नम्रपणे थांबवा. शेवटी हात मिळवा, मिठी मारा, फोटो काढा असा आग्रह झाला तर नको म्हणा. न सुटलेल्या गोष्टीवर मारलेली मिठी पुढच्या वेळी पुरावा म्हणून वापरली जाते: "तेव्हा तर मिटलं होतं की!"

भावाने चूक मान्य केली तर भरपाईचं बोलणं टाळू नका. लेवीय ६ मध्ये फसवून घेतलेलं परत करून वर पाचवा हिस्सा द्यायचा आहे, आणि तो दिल्यावर मग देवाला दोषार्पण. जकातदार जक्कय पश्चात्ताप झाल्यावर चौपट देतो. "चुकलो" हा शब्द तोंडाचा. फेरफाराला पुन्हा अर्ज करणं हा पश्चात्ताप.

या सगळ्यात एक घड्याळ चालू आहे, त्याकडे लक्ष द्या. फसवणुकीने झालेला दस्त रद्द करून घ्यायच्या दाव्याची मुदत, ती गोष्ट कळल्यापासून तीन वर्षं. तुमच्या सांगण्यावरून दीड वर्ष गेलं आहे. नक्की कधी कळलं यावर समोरचा वकील वाद घालेल, कारण दस्त नोंदणीकृत आहे आणि सही तुमची आहे. मनाच्या क्षमेला पाच वर्षं लागली तरी देव कंटाळत नाही; मुदतीचा कायदा थांबत नाही. म्हणून वकिलाला महिन्याच्या आत भेटा. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका विधी सेवा समितीकडे जा. स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. दावा दाखल झाल्यावरही मध्यस्थी करता येते, लोकअदालतीत मिटवता येतं, आणि लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं. शपथेवर खोटं न सांगता, भावाची अब्रू न काढता, फक्त आपला हिस्सा मागणारा दावा हा सूड नाही. पौलाने स्वतः रोमी सम्राटाकडे, कैसराकडे, दाद मागितली (प्रेषितांची कृत्ये २५:११).

क्षमा आणि न्यायालय एकाच वेळी चालू शकतात याचं आपल्या देशातलं उदाहरण ग्लॅडिस स्टेन्स यांचं. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरला त्यांचे पती ग्रॅहम आणि दोन लहान मुलगे गाडीत जाळले गेले. त्यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीरपणे सांगितलं. खटला मात्र चालला आणि मुख्य आरोपीची जन्मठेप २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. क्षमेने खटल्याला किंवा खटल्याने क्षमेला खोटं ठरवलं नाही.

आणि तरीही तुम्ही हिस्सा सोडायचं ठरवू शकता. १ करिंथकरांस ६:७ ती वाट मोकळी ठेवतं. फक्त एक कसोटी लावा: "नाही" म्हणण्याची मोकळीक असताना "हो" म्हणताय का? आईच्या रडण्याने, मंडळीच्या दबावाने, किंवा माहेर तुटेल या धास्तीने सोडलेला हिस्सा म्हणजे दुसऱ्यांदा घेतलेली सही. सगळी माहिती हाती आल्यावर, तीन महिने थांबून, वकिलाशी बोलून सोडलात तर ते दान आहे, आणि ते मोठं आहे.

पोटातल्या गोळ्याबद्दल शेवटी बोलतोय, कारण तो सर्वांत कमी काळजीचा विषय आहे. शरीराची आठवण वचनाने लगेच बदलत नाही. शिष्य पेत्राने येशूला "किती वेळा क्षमा करू, सात वेळा?" असं विचारल्यावर मिळालेलं "साताच्या सत्तर पट" हे उत्तर आपण नव्या-नव्या अपराधांसाठी धरतो; पण एकच अपराध चारशे वेळा आठवतो, आणि दर खेपेला तो सोडावा लागतो. दिवसातली एक वेळ ठरवा, रात्री अंथरुणात नको. पानावरची एकच ओळ मोठ्याने वाचा, "हे त्याने केलं" असं म्हणा. मग "याचा सूड मी तुझ्याकडे देते" (रोमकरांस १२:१९). मग भावासाठी एक साधी, उपयोगाची विनंती: त्याची शुगर, मुलीची बारावी, विहिरीचं पाणी. "त्याला सुबुद्धी दे" ही विनंती धरू नका. तो प्रार्थनेच्या लुगड्यातला टोमणा असतो. दोन मिनिटं, बस. राग अनावर असेल त्या दिवशी ५५ वं स्तोत्र वाचा. तिथे फसवणारा परका नाही, सोबत देवाच्या घरी जाणारा जिवलग आहे, आणि शब्द तुमच्यापेक्षा तिखट आहेत.

प्रगती गोळ्यावरून मोजू नका. त्याचं काही नुकसान झाल्याची बातमी आली तर पहिल्या क्षणी काय वाटतं ते पाहा. घडलेली गोष्ट सांगताना तुम्ही तिखटमीठ लावता का ते पाहा. तो उद्या कागद घेऊन दारात आला तर दार उघडाल का, ते पाहा. आणि एक सांभाळा: भगिनींच्या प्रार्थनासभेत "विनंती" म्हणून ही गोष्ट मांडू नका. दोन विश्वासू माणसांना सांगा, त्यापलीकडे नाही.

हे सगळं जमिनीच्या फसवणुकीबद्दल आहे. ज्यांच्या घरात मारहाण आहे किंवा लहान मुलावर अत्याचार झाला आहे त्यांनी यातली बैठकीची पायरी वापरू नये. तिथे आधी सुरक्षित जागा आणि पोलीस. मुलाच्या बाबतीत पोक्सो कायद्याने कळवणं बंधनकारकच आहे, पाळकांवरसुद्धा.

नाताळला आईकडे जावंसं वाटत असेल तर जा. फराळाचं ताट घेऊन, दिवसाउजेडी, तासाभरासाठी, नवरा किंवा मैत्रीण सोबत असेल असं बघून. भावाला "नाताळच्या शुभेच्छा" म्हणा, भाचरांना खाऊ द्या. विषय निघाला तर एकच वाक्य तयार ठेवा: "त्यावर पाळकांसमोर बोलू, आज नको." आणि कोणी कागद पुढे केला तर पेन पर्समधून काढू नका.